टॉवेलाखालचा सौदा

माझं माहेर पेणचं आणि तोंड तिखट. या दोन्ही गोष्टी लग्नाआधीच सासरी पोचल्या होत्या. रोह्याच्या बाजारात मी दिसले की भाजीवाली आधीच कोथिंबिरीच्या चार काड्या वर घालून ठेवते, असं माझा नवरा पाहुण्यांना रंगवून सांगायचा. मला भाव करायला आवडतं हे खरंच आहे. पैसे वाचतात हा भाग वेगळा, पण समोरच्याने आपल्याला गृहीत धरलं नाही याचं समाधान मोठं असतं. नवरा याच्या अगदी उलट. रिक्षावाल्याने मागितले तेवढे देऊन वर त्यालाच "बरं झालं तुम्ही भेटलात" म्हणणारा माणूस.

आमचं गाव रोह्यापासून आत आहे. नवरा नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि कंपनीची बस अष्टमीच्या पुलाजवळ यायची. तिथपर्यंत सायकल मारत जायचं, पावसात चिखलातून सायकल ढकलत जायचं, आणि पुलावर पोचेपर्यंत बसचा मागचा दिवा बघून परत यायचं. असं दोनतीनदा झालं, शिफ्ट बुडाली, आणि मी म्हटलं, आता मोटारसायकल घ्यायचीच. मी शाळेत शिकवत होते, त्याची कंपनी होती, थोडं साठलं होतं. उरलेलं आबांनी दिलं.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी दिले ते पैसे बैलांचे होते. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी आपली शेवटची जोडी विकली होती, कारण गावात भाड्याने पॉवर टिलर मिळू लागला होता आणि दोन बैलांना वर्षभर चारा घालणं परवडत नव्हतं. शहाणपणाचाच निर्णय होता आणि तो त्यांनी स्वतःच घेतला. पण त्या बैलांबरोबर घरातून आणखी काहीतरी गेलं, ते आम्हाला नंतर कळलं.

आबा म्हणजे पंचक्रोशीतला बैलांचा सौदा करणारा माणूस. कुणाला जोडी घ्यायची असली की तो आधी आमच्या ओटीवर येऊन बसायचा. म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात आबा दरवर्षी कुणाकुणाला घेऊन जात. तिथे भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं धरून आकडा सांगतात. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी काय चाललंय ते त्या दोघांनाच माहीत. या कामाचे आबा कुणाकडून काही घेत नसत. चहा घेत, आणि परतताना लोक त्यांना बैलगाडीत पुढे बसवत, तेवढं त्यांना पुरत असे.

मग एकेक करत सगळ्यांचेच बैल गेले. ओटीवर कुणी येईना. आबांचा टॉवेल खुंटीवर लटकलेला असायचा आणि आबा ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असायचे. जेवणाला हाक मारली की येत, विचारलं तेवढं बोलत. मला त्यांच्याशी काय बोलावं कळत नसे, आणि मला बोलायला न सुचणं ही आमच्या घरातली मोठी बातमी होती.

नवरा पहिल्यांदा एकटाच पेणच्या शोरूममध्ये जाऊन आला. आला तो हातात कागद घेऊन, चेहरा नव्या नवरदेवासारखा. मी कागद वाचायला घेतला. गाडीची किंमत, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, इथपर्यंत ठीक होतं. त्याखाली हँडलिंग चार्ज. त्याखाली फाइल चार्ज. त्याखाली ॲक्सेसरीज, आणि पुढे लिहिलेलं, कंपल्सरी.

"हे हँडलिंग म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे गाडी कंपनीतून इथं आणतात, उतरवतात, पुसतात. त्याचे."

"मग किंमत कशाची लावलीय? न पुसलेल्या गाडीची?"

"सगळेच देतात गं," तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सगळेच देतात म्हणून तर ते घेतात. मी बोलायला सुरुवात केली आणि बराच वेळ थांबले नाही. फाइल चार्ज म्हणजे त्या पुठ्ठ्याच्या फाइलचे का, मग फाइल मी घरून आणते, इथपर्यंत गेले.

ओटीवरून आवाज आला. "म्हंजे बैलाचा भाव येगळा, नि त्याला खुंट्यावरनं सोडून द्यायचं पैसं येगळं?"

मी हातातला कागद खाली ठेवला. कित्येक महिन्यांत आबा आपणहून बोलले नव्हते.

"तसंच काहीतरी आबा," नवरा म्हणाला.

"सौदा कोन करनार हाय?"

"आबा, तिथं सौदा नसतो. बोर्डावर लिहिलेलं असतं सगळं."

आबा "व्हय का" म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. ते "व्हय का" मला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले, डाळ ढवळली, आणि बाहेर येऊन सांगितलं, "गुरुवारी पेणला जायचं. आबा पण येणार. सौदा तेच करतील." नवरा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी गाडीऐवजी हत्ती आणायचा म्हणाले. माझा हिशोब सरळ होता. हँडलिंग चार्ज कमी झाला तर चांगलंच, पण मला हवं होतं ते दुसरंच. आबा पुन्हा एकदा सौदा करून घरी आलेले मला बघायचे होते.

गुरुवारी आबा आमच्या आधी तयार होऊन बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, आणि खांद्यावर तो टॉवेल. तो त्यांनी आदल्या दिवशी स्वतः साबण लावून धुतला होता. भात निघून गेलं होतं, खाचरांत वाल वर आले होते, सकाळची थंडी होती. एसटीत आबा खिडकीशी बसले. नागोठणं गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"सूनबाय, एक सांगू?"

"सांगा ना."

"तिथं तू बोलू नको गो. तुझं ब्वालनं चांगलं हाय, पन दोघं ब्वालाय लागली का सौदा फाटतो."

नवरा खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. मी मुकाट्याने हो म्हटलं. माझ्याकडून असं वचन त्याआधी कुणी घेतलं नव्हतं आणि त्यानंतरही घेतलं नाही.

शोरूम हायवेला लागूनच होती. मोठ्या काचा, गुळगुळीत लादी, आणि दारात चपला काढाव्याशा वाटतील इतकी स्वच्छता. आबांनी खरंच काढल्या. आमची गाडी काळी होती, टाकीवर लाल पट्टा. नवऱ्याने ती बघताच "काय मस्त आहे!" म्हटलं आणि आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच आक्रसला. घ्यायच्या जनावराची मालकासमोर स्तुती करायची नाही, हे त्यांच्या शास्त्रातलं पहिलं कलम. ते स्वतः गाडीभोवती सावकाश फिरले. टायर अंगठ्याने दाबला. वाकून पोटाखाली पाहिलं. आरशात आपला चेहरा दिसला तेव्हा टोपी सारखी केली. मग चेहऱ्यावर काहीही न दाखवता खुर्चीवर जाऊन बसले.

मॅनेजर तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. "बोला आजोबा, आवडली का गाडी?"

आबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर पसरला, आणि तो झाकलेला हात टेबलावरून मॅनेजरच्या दिशेने पुढे केला.

मॅनेजरने टॉवेलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. नवरा छताला लटकलेल्या पंख्याचा अभ्यास करत होता. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, वचन दिलेलं होतं ना.

"काय पाहिजे आजोबा? हाताला लागलंय का?"

"हात द्या," आबा म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्याने हात दिला. टॉवेल जरासा हलला. मॅनेजरला गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. आबांचा चेहरा मात्र गंभीर होता आणि डोळे अर्धवट मिटलेले, देवळात असतात तसे. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"आजोबा, मला हे काही कळत नाही. तोंडाने सांगा की."

"तोंडानं सांगायचं नसतं."

"पण का?"

आबांनी जरा विचार केला. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं. "तुमी किती खाली आलाव ते लोकांना कशाला कळाय पायजे? उद्या तुमाला दुसरी गाडी इकायची हाय. नि मी किती वर चढलो ते तरी कशाला? दोघांचा मान ऱ्हातो."

एव्हाना दोन गिऱ्हाइकं आणि काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघत होती. कुणीतरी फुसकन हसलं. मॅनेजर मागच्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "चार्जेस फिक्स असतात आजोबा, सगळ्यांना सारखे." आबा हलले नाहीत. हात टॉवेलाखाली तसाच पुढे. मला वाटतं मॅनेजरला त्यांची दया आली, किंवा कौतुक वाटलं, किंवा बघणाऱ्यांपुढे काहीतरी छान करावंसं वाटलं. तो उभा राहिला आणि साऱ्या शोरूमला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "चला! आजोबांना बघून आज हँडलिंग चार्ज माफ! टाळ्या होऊन जाऊ दे!"

टाळ्या झाल्या. काउंटरवरच्या मुलीने वाजवल्या, गिऱ्हाइकांनी वाजवल्या. नवऱ्याने तर खुर्चीच्या हातावर थाप मारली. मलाही क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. जो आकडा बघून मी घरात इतकी आदळआपट केली होती तो पुसला गेला होता. मग माझं लक्ष आबांकडे गेलं. त्यांचा हात अजून टॉवेलाखाली पुढेच होता आणि समोर धरायला कुणी नव्हतं.

त्यांनी तो हळूच मागे घेतला. टॉवेलाची घडी घातली आणि खांद्यावर ठेवली.

"नको," ते म्हणाले.

"काय नको, आजोबा?"

"ते माफ केलंत ते. लावा ते पैसं. सगलं लावा."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी सौदा कराय आल्तो. मागाय नाय आल्तो." आवाजात राग नव्हता. पडवीत बसून पावसाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "दे त्याला पुरं."

"आबा, ते देतायत तर..." नवरा म्हणाला, आणि मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी बाई बाजूला बसली होती आणि फुकटात सुटलेला चार्ज समोर होता.

मी दिलेलं वचन मोडलं. एकच शब्द बोलले. "द्या," मी म्हटलं.

नवऱ्याने पैसे भरले. मॅनेजरचा चेहरा उतरला होता. काय बिघडलं ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं नक्की कळलं होतं. त्याने स्वतः उठून आबांना पाण्याचा ग्लास आणून दिला आणि हळू आवाजात विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाय ओ," आबा म्हणाले. "तुमच्यात चारचौघांत सांगतात. आमच्यात नाय सांगत." पाणी पिऊन त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी परत दिला.

बाहेर नारळ फोडला, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नवऱ्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणून तो गाडीवरूनच परस्पर नागोठण्याला निघाला. निघण्याआधी आबांनी टाकीवर तळहात ठेवला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा एकदा मागेपर्यंत फिरवला. नवरा मला एवढंच म्हणाला, "मी सांगत होतो, त्यांना आणायला नको होतं." मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण आणलं तर मीच होतं. हरलेला माणूस घरी बसून राहिला असता. मी त्याला एसटीत घालून, पेणपर्यंत नेऊन, माणसांसमोर हरवून आणला होता.

परतीच्या एसटीत आम्ही दोघंच होतो, म्हणजे आमच्यातले दोघं. वडखळपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. मी काय बोलायचं? सॉरी म्हणायचं? सासऱ्याला सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिले.

"सूनबाय."

"काय आबा?"

"हात दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आबांचा हात माझ्या हाताला कधी लागला नव्हता. पाया पडले की ते लांबूनच हात वर करत. पाण्याचा तांब्या मी खाली ठेवायचा आणि मग त्यांनी उचलायचा, अशी आमच्या घरची रीत. मी हात पुढे केला. त्यांनी टॉवेल पसरला, आमच्या दोघांच्या हातांवरून नीट झाकला, आणि माझं बोट धरलं.

"हे येक," ते बाहेर बघत हळूच म्हणाले. "ह्ये दोन. पंजा पुरा धरला का पाच. मधल्या पेराला दाबलं का अर्धा. समाजलं?"

"समजलं."

"आता तू शोरूमवाला. मी गिऱ्हाईक. त्यो हँडलिंग का काय त्याचा सौदा."

त्यांची बोटं जाड होती, चरबरीत, दोरखंडासारखी. त्यांनी पहिला आकडा सांगितला. इतका खाली की मला हसूच आलं. मी मान हलवली.

"मान नाय हलवायची. बोटानं सांग."

मी बोटाने सांगितलं. त्यांनी थोडं चढवलं. मी सोडलं नाही. नागोठण्याचा स्टँड आला, माणसं चढली उतरली, आमचं चालूच. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती, सासरा सुनेचा हात धरून बसलाय, बाई बाई. कंडक्टर तिकिटं तपासत आला, टॉवेलाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुढे गेला. मी अडून बसले होते. मला माहीत होतं की मी मुद्दाम सोडलं तर त्यांना कळेल, आणि ती पुन्हा टाळ्यांसारखीच गोष्ट होईल. म्हणून मी खरीखुरी भांडले, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तोंड न उघडता. एकदा मी त्यांचं बोट झटकून टाकलं तेव्हा ते मोठ्याने हसले.

"सोडत नाय गो तू! पेनची हाइस खरी."

रोह्याच्या अलीकडे आमचं जमलं. त्यांनी बोटं धरली, मी धरली, त्यांनी सगळा पंजा एकदा घट्ट दाबून सोडला. म्हणजे सौदा झाला. टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि अष्टमीचा पूल येईपर्यंत ते खिडकीतून कुंडलिका नदीकडे बघत बसले. बैलबाजारातून परतणारा माणूस कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

शिफ्टवरून आल्यावर नवऱ्याने दबकत विचारलं, "आबा, रागावलात काय?"

"कशाला?" आबा म्हणाले. "सौदा झाला."

"झाला? कुणाशी? कितीला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट वाढत होते, वाढत राहिले. आकडा सांगायचा नसतो, एवढं मी शिकले होते. त्यानंतर नवऱ्याने तो कितीतरी वेळा विचारला. लाडाने विचारला, रागाने विचारला, गाडी जुनी होऊन विकली त्या दिवशीही विचारला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ज्या घरात सगळे म्हणतात, त्या घरात ही एक गोष्ट माझ्याजवळ राहिली.

आबांची वाचा शेवटी अर्धांगाने गेली. रोह्याच्या दवाखान्यात दुपारची वेळ होती, उन्हाचा पट्टा पलंगावर आला होता, आणि मी त्यांना मोसंबीचा रस पाजून ग्लास ठेवत होते. त्यांचा उजवा हात चादरीखाली हलला. काही हवंय का म्हणून मी चादरीखाली हात घातला, तर त्यांनी माझी बोटं धरली. आधी काही कळलं नाही. मग कळलं. एसटीतला तोच आकडा होता, पेरासकट. मी पण धरला. त्यांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावून पंजा दाबला आणि सोडला.

नवरा पलंगाच्या पलीकडे उभा होता. "काय सांगतायत गं?" त्याने विचारलं.

मला बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी मी सांगितलं नसतं.